हिशेबनिसाच्या कार्यालयाचा हिशेब



कापडाची पिढीजात पेढी असलेल्या एका सद्गृहस्थांचे पत्र या महिन्यात माझ्याकडे आले. त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई दोघेही सनदी लेखापाल असून गेली बारा वर्षे ते स्वतःचे कार्यालय चालवीत आहेत. कार्यालयातील नित्याचे काम संगणकीय प्रणालीकडून करून घेण्याचा, म्हणजे ज्याला ऑटोमेशन म्हणतात त्याचा, त्यांचा विचार आहे. त्यासाठी त्यांनी वडिलांकडे साडेतीन लाख रुपये मागितले आहेत. वडिलांनी विक्रेत्याचे कोटेशन मागवून पाहिले, तर त्यावर आकडा होता एक लाख सहा हजारांचा. 'एक लाखाच्या वस्तूसाठी साडेतीन लाख कशाला? आणि आमच्या पेढीवरून ज्यांना आम्ही मुलाच्या कार्यालयात पाठविले, त्या जुन्या माणसाचे पुढे काय?' असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. सोबत मुलांनी तयार केलेला हिशेबाचा कागदही त्यांनी जोडला आहे. पत्र वाचून मला समाधान वाटले, कारण दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि ते पैसे देण्यापूर्वी विचारलेले आहेत.

आपल्या समाजात आज क्वचितच असे घर असेल की ज्यात एखादा मुलगा, मुलगी किंवा सून सी.ए. नाही अथवा त्या अभ्यासक्रमात नाही. आणि ज्या घरी नाही, त्या घरच्या वह्या तरी अशाच कुणाच्या कार्यालयात जातात. म्हणून हा विषय एका कुटुंबापुरता न ठेवता येथे सविस्तर घेतो. कागदावरील आकडे समजण्यास सुलभ व्हावेत म्हणून थोडे गोळाबेरीज करून घेतले आहेत.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. या कार्यालयाकडे दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणारे शंभर अशील आहेत. त्याशिवाय प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि करलेखापरीक्षणे आहेत. पाच पगारी कर्मचारी, चार आर्टिकल आणि दोन भागीदार अशी अकरा माणसे. वर्षाची एकूण फी साधारण साठ लाख रुपये. सूनबाईंनी एक अत्यंत चांगली गोष्ट केली. कोणतीही प्रणाली पाहण्यापूर्वी त्यांनी एक महिनाभर प्रत्येक कामाला किती मिनिटे लागतात याची नोंद ठेवविली. एका अशिलाच्या एका महिन्याच्या जीएसटी कामाचा हिशेब असा निघाला : बिले पाठविण्याची आठवण करणे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो गोळा करून नीट लावणे ४० मिनिटे, टॅलीमध्ये नोंदी ९० मिनिटे, खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बी शी जुळविणे ५० मिनिटे, अशिलाची संमती व चलन २० मिनिटे, प्रत्यक्ष विवरणपत्र भरणे १० मिनिटे, आणि पोच पाठवून फाईल करणे व आपले बिल काढणे १५ मिनिटे. बेरीज २२५ मिनिटे, म्हणजे पावणेचार तास. शंभर अशिलांचे महिन्याला ३७५ तास.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या कामासाठी सरकारी संकेतस्थळ सर्वांत बदनाम आहे, ते प्रत्यक्ष विवरणपत्र भरण्याचे काम अवघे दहा मिनिटांचे आहे. वेळ जातो तो बिले मागण्यात, ती पुन्हा टंकण्यात आणि न जुळणारी रक्कम शोधण्यात. मोजमाप केले नसते तर पैसे कदाचित चुकीच्याच जागी गेले असते. पुष्कळ कार्यालये विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहून खरेदी करतात. पडद्यावर सर्व काही सुरेख धावते आणि आपल्या कार्यालयात नेमके कुठे अडते हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

प्रणाली आल्यावर काय वाचेल? मुलांचा अंदाज असा : आठवणीचे काम ४० वरून १५ मिनिटांवर, नोंदी ९० वरून ५० वर (कारण बँकेचे खातेउतारे आणि मोठ्या अशिलांच्या विक्रीच्या याद्या थेट आत घेता येतात), जुळवणी ५० वरून २० वर, आणि पोच-बिलाचे काम १५ वरून ५ वर. संमती आणि प्रत्यक्ष भरणा यांत काही फरक नाही. म्हणजे २२५ ची १२० मिनिटे होतील, महिन्याला १७५ तास वाचतील. मी हा अंदाज पहिल्या वर्षासाठी निम्मा धरावा असे म्हणतो, म्हणजे महिन्याला साधारण साडेसत्याऐंशी तास. असे का, ते सांगतो.

डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि त्यानंतर आमच्यासारख्यांच्या शाखांमध्ये लेजर-पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. कागदावर हिशेब असा होता की इतकी खाती, इतक्या नोंदी, इतका वेळ वाचणार. प्रत्यक्षात कित्येक महिने जुनी जाडजूड खातेवहीही लिहिली जात होती आणि यंत्रावरही नोंद होत होती, कारण दोन्हींच्या शिलका जुळल्याशिवाय वही बंद करण्याचे धाडस कोणताही जबाबदार अधिकारी करत नसे. आणि ते योग्यच होते. त्या काळात काम कमी झाले नाही, उलट वाढले. ही दुप्पट मेहनतीची मुदत कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेली नसते, परंतु तिचा खर्च मात्र कार्यालयालाच येतो.

आता वडिलांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. कोटेशनमधील एक लाख सहा हजारांत दोन बाबी आहेत. अकरा जणांसाठी प्रत्येकी सहा हजारांप्रमाणे वार्षिक वर्गणी ६६,००० रुपये आणि प्रणाली बसवून जुनी माहिती आत घेण्याचे ४०,००० रुपये. याच्या पलीकडे काय आहे? कागद भराभर ओढून घेणारा स्कॅनर, माहितीची दुसरी प्रत ठेवण्याची साधने आणि इंटरनेटची दुसरी लाईन मिळून ६०,०००. अशिलांना जाणाऱ्या संदेशांचा वर्षाचा खर्च १२,०००. दोन पद्धती समांतर चालतील त्या काळातील जादा कामाचे शंभर तास, तासाला १५० रुपयांप्रमाणे १५,०००. (२२,००० पगाराच्या माणसाचा महिन्याचे दोनशे तास धरून तासाचा दर ११० पडतो. बोनस, भविष्यनिर्वाह निधी आणि जागेचा भार मिळविला की १५० धरणे रास्त आहे.) नऊ माणसांच्या प्रशिक्षणाचे प्रत्येकी वीस तास, म्हणजे २७,०००. आणि भागीदारांचे साठ तास. ही शेवटची बाब सर्वच जण विसरतात. कोणत्या अशिलाला कोणती आठवण कधी जावी, कोणते काम कोणाच्या तपासणीशिवाय पुढे जाऊ नये, हे नियम विक्रेता ठरवू शकत नाही. ते भागीदारालाच बसून लिहावे लागतात. त्यांचा तास हजार रुपयांचा धरला तरी ६०,००० होतात. एकूण २,८०,०००. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी पंधरा टक्के, म्हणजे ४२,००० ठेवले की रक्कम होते ३,२२,००० रुपये.

थोडक्यात, कोटेशन हे खऱ्या खर्चाच्या एक तृतीयांश आहे. मुलांनी उधळपट्टी मागितलेली नाही.

परंतु वडिलांचेही पूर्णपणे चुकलेले नाही. खर्च आणि रोकड या भिन्न गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. प्रशिक्षणाचे २७,००० आणि भागीदारांचे ६०,००० हे खर्च खरे आहेत, पण ते खिशातून जाणारे नाहीत. पगार एरवीही द्यावयाचाच आहे, आणि भागीदारांचे साठ तास म्हणजे त्या काळात न मिळालेली फी. हे ८७,००० बाजूला काढले तर रोख लागते २,३५,०००, आणि त्यातही ४२,००० राखीव आहेत, जे लागतीलच असे नाही. म्हणून माझे मत असे की १,९३,००० आज द्यावेत आणि ४२,००० देण्याची तयारी ठेवावी. राखीव रक्कम एकदम हातात दिली की ती राखीव राहत नाही, हे मी कर्जविभागात असताना बारकाईने पाहिले आहे. बांधकामाचे कर्ज आम्ही टप्प्याटप्प्याने का देत असू, याचे कारणही हेच.

जीएसटीचे १८ टक्के मी या आकड्यांत धरलेले नाहीत. हे कार्यालय स्वतः नोंदणीकृत असून आपल्या फीवर कर आकारते, त्यामुळे त्यास या खरेदीवरील इनपुट टॅक्स क्रेडिट मिळेल. वीस लाखांच्या आतील, नोंदणी नसलेल्या लहान करसल्लागाराला मात्र हा कर खर्चातच धरावा लागेल.

आता तीन वर्षांचा ताळा मांडू. पहिल्या वर्षी ८७.५ तास दरमहा, तासाला १५० प्रमाणे, वर्षाची बचत १,५७,५०० आणि खर्च ३,२२,०००, म्हणजे १,६४,५०० ची तूट. दुसऱ्या वर्षी वर्गणी दहा टक्के वाढली असे धरू, त्यात संदेश, दुरुस्ती आणि नव्या आर्टिकलांचे प्रशिक्षण मिळवू. खर्च सुमारे एक लाख. बचत अंदाजाच्या तीन चतुर्थांश, म्हणजे २,३६,२५०. निव्वळ लाभ सुमारे १,३५,०००. तिसऱ्या वर्षी सुमारे १,२८,०००. तीन वर्षांच्या अखेरीस शिल्लक एक लाखाच्या आत. आणि जर बचत तिन्ही वर्षे निम्मीच राहिली, तर त्याच तीन वर्षांत सुमारे अठ्ठावन्न हजारांचा तोटा. जो विक्रेता सहा महिन्यांत पैसे वसूल होतील म्हणून सांगतो, त्याला हा कागद दाखवावा.

आर्टिकलांच्या प्रशिक्षणाचा खर्च दरवर्षी का, असे कोणी विचारील. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. म्हणजे चारपैकी दोन मुले दरवर्षी जाणार आणि दोन नवी येणार. प्रणाली कितीही चांगली असो, तिच्यावर बसणारी माणसे बदलत राहणार.

एवढ्यावर थांबलो तर मी म्हणेन, प्रकल्प काठावर आहे, घाई नको. पण कागदात दोन गोष्टी आलेल्या नाहीत, आणि माझ्या मते त्याच निर्णायक आहेत.

पहिली तारखांची. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत जाते, चौदा तारखेला २बी तयार होते आणि वीस तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरावयाचे असते. जुळवणीचे काम चौदाच्या आधी पुरे होऊच शकत नाही. शंभर अशिलांची प्रत्येकी पन्नास मिनिटे म्हणजे त्र्याऐंशी तास, आणि ते या सहा दिवसांतच बसवावे लागतात, ज्यात बहुधा एक रविवारही येतो. ही जुळवणी वीस मिनिटांवर आली तर तेच काम तेहतीस तासांत होते. महिन्याच्या पंचवीस तारखेला वाचलेला तास आणि अठरा तारखेला वाचलेला तास यांची किंमत सारखी नाही. दोघांनाही मी दीडशे रुपयेच धरले, ती अंकगणिताची सोय झाली. अठरा तारखेला दमलेल्या मुलाच्या हातून एखादे बिल सुटते आणि अशिलाला क्रेडिट मिळत नाही. विलंब झाला तर दिवसाला पन्नास रुपये विलंबशुल्क आणि न भरलेल्या करावर अठरा टक्के व्याज. रक्कम लहान असली तरी त्यातून उठणारे वाद लहान नसतात.

याच संदर्भात आणखी एक. करलेखापरीक्षणाची नेहमीची अखेरची तारीख ३० सप्टेंबर, आणि आपले पर्युषण व दशलक्षण पर्व त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात येते. आपल्या समाजातील कित्येक सी.ए. मुलेमुली त्या दिवसांत रात्री दहापर्यंत कार्यालयात बसतात. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम ज्यांनी घेतला आहे, ते पाच वाजता डबा उघडतात आणि पुन्हा संगणकावर वळतात. प्रतिक्रमणाला पोहोचतील तर भाग्य. वाचलेले तास कुठे जाणार हे अंदाजपत्रकात लिहिलेच पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी. पगार तेवढाच राहतो. म्हणून वाचलेला तास आपोआप रुपया होत नाही. त्या तासांत नवे अशील घ्यायचे, की रिकामी झालेली जागा भरायची नाही, की सहा वाजता दिवा मालवून घरी जायचे, हे आधी ठरवावे लागते. न ठरविल्यास ते तास असेच विरून जातात. तिन्हींपैकी कोणताही पर्याय निवडण्याचा मुलांना अधिकार आहे. वडिलांनी तिसरा पर्याय तोट्याचा मानू नये, एवढीच विनंती.

दुसरी गोष्ट येणे बाकीची, आणि येथे माझ्यातला बँकवाला बोलतो. साठ लाखांच्या वार्षिक फीवर या कार्यालयाचे सरासरी येणे पाच महिन्यांचे आहे, म्हणजे पंचवीस लाख रुपये सदैव अशिलांकडे अडकलेले. दुसऱ्यांची येणी-देणी दिवसरात्र तपासणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या येण्याची ही अवस्था ! कारण विचारले तर ते साधे निघाले. काम दहा तारखांच्या धामधुमीत होते आणि बिल 'सवडीने' काढले जाते, तिमाहीनंतर, कधी सहामाहीनंतर. तोवर अशिलालाही त्या कामाची आठवण राहत नाही. विवरणपत्राची पोच ज्या संदेशातून जाते त्याच संदेशातून फीचे बिल गेले, तर वसुली एक महिन्याने जरी अलीकडे आली तरी पाच लाख रुपये मोकळे होतात. हे पाच लाख एकदाच मिळणारे आहेत, दरवर्षी नव्हे. पण वडिलांकडून घेतलेल्या रकमेच्या दुपटीहून ते अधिक आहेत. कार्यालयाच्या ओव्हरड्राफ्टवर अकरा टक्के व्याज धरले तर वर्षाला ५५,००० रुपयांचे व्याज वाचते, आणि हे दरवर्षी. मुलांच्या कागदावर ही बाब एका ओळीचीही नाही, कारण फी मागणे त्यांना अवघड वाटते. प्रणालीला संकोच नसतो.

म्हणून वडिलांना माझी सूचना अशी की पैसे द्यावेत ते भेट म्हणून नव्हे, तर अठरा महिन्यांत परत करण्याच्या बोलीवर, आणि परतफेड या मोकळ्या होणाऱ्या येण्यातून व्हावी. व्याज घ्यावे की नाही हा घरचा प्रश्न आहे. तारीख मात्र लिहून ठेवावी.

आता जुन्या माणसाविषयी. मिनिटांच्या यादीतील पहिली ओळ, आठवण करून बिले गोळा करण्याची, हे त्यांचेच काम आहे, आणि ४० ची १५ मिनिटे तेथेच होणार आहेत. त्यांची धास्ती निराधार नाही. पण हे गृहस्थ बारा वर्षे शंभर दुकानदारांशी बोलत आहेत. कोणता व्यापारी संदेश वाचून बिले पाठवील, कोणाच्या मुनीमजींना फोन करावा लागेल, कोणाकडे दुपारच्या आत गेल्याशिवाय कागद मिळत नाही, हे त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. संदेशाने साठ-सत्तर जण बिले पाठवतील असे धरले तरी उरलेल्यांची ती पंधरा मिनिटे यांचीच आहेत. याखेरीज नव्या पद्धतीत एक काम वाढते. कोणाची बिले आली, कोणाची अडकली, याची यादी दररोज सकाळी पाहून भागीदारांना सांगणारे एक जबाबदार माणूस लागते. ते यांनी करावे. पन्नाशीनंतर नवे यंत्र शिकता येत नाही, हा समज मी बँकेत खोटा ठरताना पाहिला आहे. मात्र त्यांना वीस नव्हे, चाळीस तास शिकवावे आणि शिकविणारा आर्टिकल त्यांच्यावर खेकसणारा नसावा.

या बचतीपोटी दोन वर्षे कोणाचीही नोकरी जाणार नाही, असे भागीदारांनी सर्वांना आरंभीच सांगावे, अशीही माझी शिफारस आहे. हा केवळ दयाबुद्धीचा प्रश्न नाही. ज्याला आपल्या जागेची भीती आहे, तो आपल्या कामाला खरोखर किती मिनिटे लागतात हे कधीच खरे सांगणार नाही, आणि मग वरचा सगळा हिशेब वाळूवर उभा राहतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत एक-दोन गोष्टी. आजही पुष्कळ कार्यालयांत अशिलांचे पासवर्ड एका एक्सेल पत्रकात असतात आणि डिजिटल सहीच्या चाव्या टेबलाच्या खणात, दोरीला चिठ्ठी बांधून. जुन्या काळी बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, हे आठवावे. प्रणाली घेताना प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश हवा आणि कार्यालय सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद झाला पाहिजे. सनदी लेखापालांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमानुसार अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर जाणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, आणि २०२३ सालचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आता आहे. माहिती विक्रेत्याच्या यंत्रावर राहणार असेल तर ती कोठे राहते, आणि करार संपल्यावर ती सर्व आपल्याला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल का, हे लेखी घ्यावे. वर्गणी दुप्पट झाली तर बाहेर पडता आले पाहिजे. जी वस्तू सोडता येत नाही ती घेण्यापूर्वी दहादा विचार करावा, हे परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्यांना मी काय सांगावे ! आणि अहवालावरील सही तसेच त्यासोबतचा यूडीआयएन शेवटी सी.ए.चाच असतो. यंत्राने जुळविले म्हणून ते बरोबर, असे कोणत्याही अधिकाऱ्यापुढे म्हणता येणार नाही. म्हणून जुळविलेल्यांपैकी काही नोंदी दरमहा हाताने तपासण्याचा वेळ मोजमापात धरलेला असावा.

प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेत्याची स्वच्छ छापील बिले पाहू नयेत. आपल्याच अशिलांची सर्वांत वाईट पन्नास बिले त्याच्या हाती द्यावीत. कार्बनची फिकट प्रत, हाताने लिहिलेले किराण्याचे बिल, वटाव खोडून पुन्हा लिहिलेले, ट्रकच्या धुळीने माखलेले. त्यांतील किती त्याच्या प्रणालीने अचूक वाचली यावरून ९० ची ५० मिनिटे होणार की ७५, ते कळेल.

आरंभ केव्हा करावा? ऑगस्ट ते ऑक्टोबर मुळीच नाही. दिवाळीत वहीपूजन झाले, महावीर निर्वाण कल्याणक साजरे झाले की नोव्हेंबरात वीस अशील घ्यावेत, त्यांत दहा सोपे आणि दहा त्रासदायक. दोन महिने दोन्ही पद्धती चालवाव्यात. जानेवारीत मिनिटे पुन्हा मोजावीत. जुळवणीची ५० मिनिटे निदान ३५ वर आली नसतील, तर उरलेल्या ऐंशी अशिलांना हात लावू नये आणि राखीव ४२,००० वडिलांकडेच राहू द्यावेत. यासाठी विक्रेत्याकडून पहिल्या तीन महिन्यांची वर्गणी वीस अशिलांपुरतीच घासाघीस करून घ्यावी. ते देतात. त्यांनाही दिवाळीनंतर ग्राहक हवेच असतात.

शेवटी दोन शब्द जे वाचक सी.ए. नसून त्यांचे अशील आहेत त्यांच्यासाठी. तुमच्या सी.ए.कडून 'बिले पाच तारखेपर्यंत पाठवा' असा संदेश यंत्रातून येऊ लागला तर राग मानू नये. तुमची विक्रीची बिले उशिरा गेली तर ती तुमच्या ग्राहकाच्या २बी मध्ये त्या महिन्यात दिसत नाहीत, आणि २बी मध्ये नाही तर क्रेडिट नाही. म्हणजे तुमच्या दहा दिवसांच्या आळसाचा भुर्दंड तुमच्याकडून माल घेणाऱ्याला बसतो आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या दुकानात जातो. फीवाढीची मागणी झाली तर अवश्य घासाघीस करावी, पण बिले वेळेवर आणि वाचता येतील अशी देण्याच्या बदल्यात सूट मागावी. वर पाहिल्याप्रमाणे त्या कार्यालयाची निम्मी मेहनत तेथेच जाते, त्यामुळे ही सूट देणे त्यांना परवडते.